एक जागा जास्तीची

सगळ्यात आधी रंजनाकाकूचं नाव घेते, आत्या. तुला आवडणार नाही, माहीत आहे. पण तू गेलीस त्या सकाळी तुझ्या दारात पहिली तीच आली. तुझे हात सरळ तिनं केले, पांढरी साडी तिनं नेसवली, मला फोन तिनंच लावला. आपली सख्खी-चुलत मंडळी नंतर आली. ज्या शेजारणीशी तू अंगणातल्या पानांवरून रोज भांडायचीस, तिनं हे सगळं केलं.

ती कशी आली तेही ऐक. सकाळी तू अंगण झाडून पानं तिच्या बाजूला लोटायचीस, मग ती बाहेर यायची. "काहून वं सुमन, तुह्यी पानं माह्याकडं काहून येतात?" तू म्हणायचीस, "माह्यी नाईत, कडुलिंबाची आहेत. त्याले विचार." मी तुझ्याकडे राहत होते तेव्हा याच आवाजानं मला जाग यायची. त्या दिवशी झाडूचा आवाज आला नाही. काकू चहा घेऊन वाट बघत बसली. नंतर मला म्हणाली, "मले वाटलं, आज भांडण काहून नाई?" म्हणून ती आली. दार नुसतं लोटलेलं होतं. तू कुशीवर होतीस, एक हात उशीखाली. झोपेतच गेली, हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले.

मी तेव्हा नदीच्या काठावर निळ्या ताडपत्रीवर बसलेली होते. इथं जपानात, आमच्या वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांसाठी साकुराच्या झाडाखाली जागा धरून.

ही जागा धरण्याची गोष्ट तुला मी फोनवर किती वेळा सांगितली असेल. पण आज सगळं नीट क्रमानं लिहिते, नाहीतर डोक्यात नुसती सरमिसळ होऊन राहिली आहे.

इथं वसंतात साकुरा फुलतो आणि आठवड्याभरात गळून जातो. फुलं कुठपर्यंत आली हे टीव्हीवर पावसासारखं सांगतात, आज दक्षिणेत, परवा आमच्याकडे. मग घरची, ऑफिसातली, आश्रमातली माणसं झाडाखाली बसून जेवतात. झाडं चिक्कार आहेत पण बसण्यासारखी जागा कमी, म्हणून सकाळीच एका माणसाला ताडपत्री घेऊन पाठवतात. बहुतेक सगळ्यात नवीन असेल त्याला. पहिल्या वर्षी मला पाठवलं तेव्हा आमच्या प्रमुखबाईंना वाटलं, ही परदेशी मुलगी, हिला काय कळणार. त्यांना काय माहीत, मी तुझ्या हाताखाली शिकलेली आहे.

दसऱ्याला आम्ही भिवापूरहून नागपूरला यायचो आणि तू दीक्षाभूमीवर आधीच जागा धरून बसलेली असायचीस. झाडाच्या सावलीत तुझी ती निळ्या चौकड्यांची चादर. चार कोपऱ्यांवर चपला, मध्ये डबे, आणि तू मध्यभागी पाय पसरून, जितकी आहेस त्याच्या दुप्पट होऊन. कोणी विचारलं तर, "आमचे येऊन राहिले." पाणी आणायला गेलीस की मला बसवायचीस आणि बजावायचीस, "उठाचं नाई. कोणी काई म्हणू दे. जागा धरली म्हंजे धरली." आणि दुसरा नियम, तो तर तुझाच. माणसं मोजायची आणि एक जागा जास्त धरायची. आई चिडायची, "एवढी कोणासाठी वं?" तू म्हणायचीस, "येते कोणी ना कोणी." आणि खरंच यायचं. एकदा कळमेश्वरची एक बाई आली होती, तिची माणसं गर्दीत हरवलेली. ती दुपारभर आपल्यात बसली, आपली भाकर खाल्ली. जाताना तिनं तुझं नावसुद्धा विचारलं नाही.

तर पहिल्या वर्षी मी इथंही तशीच बसले. ताडपत्री पूर्ण पसरली, ट्रक झाकायची असते तेवढी. चार कोपऱ्यांवर बुटं ठेवली, एक माझा जोड आणि एक आश्रमातून आणलेला. लोक यायचे, बघायचे, वाकून नमस्कार करून पुढे जायचे. मला वाटलं, काय जमून राहिलं आहे आज. प्रमुखबाई आल्या आणि आधी बुटांकडेच बघायला लागल्या. इथं बुटं ताडपत्रीच्या बाहेर काढतात, आणि मी ती जेवायच्या जागेवर मांडून ठेवली होती, तळ खाली करून. शिवाय जेवढी माणसं तेवढीच जागा घ्यायची, हा इथला कायदा. लिहिलेला नाही, पण सगळ्यांना माहीत असलेला. त्यांनी ताडपत्रीची अर्धी घडी केली. शेजारी एक कुटुंब उभंच होतं, ते लगेच त्या जागेवर बसलं आणि त्यांनी मला एक गोड गोळा खायला दिला.

संध्याकाळी तुला सांगितलं तर तू आधी एवढी हसलीस की खोकला लागला. मग एकदम चिडलीस.

"घडी काहून करू देली तू?"

"आत्या, इथं तसंच आहे. लागते तेवढीच जागा घ्यायची."

"अन् कोणी आलं तं?"

"कोणी येत नाही इथं. सगळे सांगून येतात."

"असा कसा देस व्हय तो," तू म्हणालीस, "कोणी न सांगता येतच नाई."

तिथून आपला वाद सुरू झाला आणि तो संपलाच नाही. पण त्याच रात्री तू ठरवलंस की तुला यायचं आहे. फुलं बघायला नाही, हे तू स्पष्ट सांगितलंस. "फुलं तं मोबाईलातबी दिसतात. मले लोकं कसे बसतात ते पाहाचं आहे."

पासपोर्ट काढलास. त्यातल्या फोटोत मी चोरासारखी दिसते, म्हणालीस, आणि तरी गल्लीत सगळ्यांना दाखवून आलीस. रंजनाकाकूला सोडून. तिनं तो दुसऱ्या कोणाकडून मागून पाहिला, हे तुला कोणी सांगितलं नाही.

मग "कुठी जायाचं?" हा तुझा रोजचा प्रश्न झाला. आणि मला तर तुला माहीतच आहे, प्रश्न मिळाला की झोप लागत नाही. सुट्टीच्या दिवशी मी एकेक जागा बघून यायचे. किल्ल्याचं मैदान सगळ्यात सुंदर. खंदकाच्या पाण्यावर पाकळ्यांची साय धरते, लोक नावेत बसून ती कापत जातात. पण तिथं बारीक खडी आहे आणि चढ आहे, तुझे गुडघे राहिले असते का? टेकडीवरच्या देवळात एक झाड आहे, त्याच्या फांद्या जमिनीपर्यंत लोंबतात, खाली उभं राहिलं की पडद्यात उभं राहिल्यासारखं होतं. पण पायऱ्या. नदीकाठी सपाट आहे, झाडांची ओळ नजर पुरत नाही इतकी लांब, पण वारा बोचरा आणि संडास लांब. मी चालून बघितलं, तुझ्या चालीनं, हळूहळू, मध्ये थांबत. लोक माझ्याकडे बघत होते.

मला मनातून वाटायचं की आमच्या आश्रमाच्या मागे गाड्या लावायच्या जागेत एक जुनं झाड आहे, तेच बरं. गर्दी नाही, खुर्ची टाकता येते, आत गरम पाणी. मी तुला त्याचा फोटो पाठवला. तू म्हणालीस, "एक झाड पाहाले मी इमानात बसू? अवं, इथं सिव्हिल लाइनीत मार्चमंदी गुलाबी झाडं फुलतात, त्यायच्याखाली पोरी फोटो काढतात अन् स्कूटीवर निंगून जातात. बसते कोणी? उमरेडच्या रस्त्यानं एवढा पळस फुलते, त्याच्याखाली कधी कोणी चादर टाकली? फुलं सगळीकडं असतात. बसणं नसते. मले गर्दीत बसव."

"तुला थंडी वाजेल. धक्के लागतील."

"तू लाहानपणापासून अशीच आहे. पाणी पिलं तरी घसा दुखन म्हणते."

हे तू खरं बोललीस. दहावीत गणितानं मला नापास करून घरी बसवलं आणि बाबांनी मिरचीचे देठ तोडायला पाठवलं. दिवसभर पोत्यांमध्ये बसून हातांची आग व्हायची, आणि मला त्या आगीपेक्षा भीती याची होती की हे असंच चालणार. तू आलीस, माझे हात बघितलेस, आणि बाबांना एवढंच म्हणालीस, "हिले मी नेतो. माह्याकडं जागा आहे." तुझी एक खोली होती, आत्या. त्यात एक पलंग. तरी तू म्हणालीस, जागा आहे.

तू दवाखान्यात आया होतीस. माझ्यासाठी तिथं कामाचं बोललीस. पेशंटला कुशीवर कसं वळवायचं ते तू मला घरी पलंगावर स्वतः पेशंट होऊन शिकवलंस, मुद्दाम अंग जड करून. "मी मेलेली नाई, जित्ती आहो, तसं उचल." मग ही इथली नोकरी निघाली, जपानी शिकावं लागणार होतं. मी म्हणाले, माझं डोकं नाही, मी मराठीत नापास होता होता वाचले. तू फोनवरच्या क्लासला माझ्या शेजारी येऊन बसलीस आणि माझ्याआधी तुला आकडे पाठ झाले. भाजीवाल्याशी तू जपानीत भाव करायचीस. तो म्हणायचा, बाई, हे काय तेलुगू आहे काय.

या वसंतात तू येणार होतीस. डॉक्टरांनी हृदयाच्या तपासण्या होईपर्यंत विमान नको म्हटलं, म्हणून पुढच्या वर्षावर गेलं. तू माझ्यावर नाही, डॉक्टरवर चिडलीस. तरी प्रश्न चालूच होता, कुठी बसाचं ते ठरव. शेवटच्या फोनलाही तोच. मी म्हणाले, आश्रमामागचं झाड. तू म्हणालीस, नदी. मी म्हणाले, बघू. तू म्हणालीस, "पाहू नको, ठरव." आणि दूधवाला आला म्हणून फोन ठेवलास.

आता त्या सकाळचं.

या वर्षी जागा धरायला मला कोणी पाठवलं नाही, मीच मागून घेतलं. आमच्याकडे मोरी-सान म्हणून एक आजी आहेत. त्यांना कालचं आठवत नाही. हिवाळ्यापासून त्या रोज मला विचारत होत्या, यंदा फुलं बघायला कुठे जायचं? मी रोज सांगायचे, नदीवर. त्या रोज नव्यानं खूश व्हायच्या. चाकाच्या खुर्च्या उभ्या राहतील अशी सपाट जागा तिथं रस्त्यालगत एकच आहे, ती गेली की गेली. म्हणून मी उजाडताच जाऊन बसले. ताडपत्री लागेल तेवढीच उघडली. मग थोडी थांबले, आणि एका माणसापुरती आणखी उघडली. प्रमुखबाई घडी करतील तर करतील.

ऊन चांगलं वर आलं होतं तेव्हा फोन वाजला.

"अंजू, कुठी आहे तू?"

"नदीवर, काकू. जागा धरून बसली आहे."

"बसूनच राय. उठू नको." मग काकू म्हणाली, "सुमन गेली वं."

मी उठले. ताडपत्रीच्या कडेला मोज्यांवर उभी राहिले, बुटं समोर होती. पुलापलीकडे स्टेशन दिसत होतं. काकू सांगत होती, उन्ह लय आहे, चारच्या पुढं ठेवता येणार नाही, तुझ्या बाबाले फोन झाला, ते निघाले. मी त्या क्षणी निघाले असते तरी दुसऱ्या दिवशी पोचले असते. प्रमुखबाईंना कळवलं असतं तर त्यांनी मला नक्की सोडलं असतं, त्या तशा वाईट नाहीत. पण दुसरं कोणी येईपर्यंत जागा गेली असती. आणि मी जाऊन तरी कुठे जाणार होते? खोलीवर.

एक म्हातारं जोडपं आलं. बाईनं अदबीनं विचारलं, इथं कोणी आहे का? मी म्हणाले, आमची माणसं येत आहेत. जपानीतच म्हणाले, पण तोंडातून निघताना ते तुझंच वाक्य होतं. मग मी परत मध्यभागी जाऊन बसले. पाय पसरून. तू शिकवलंस तसं.

रडले नाही. सांगून ठेवते, नाहीतर वर बसून तू काहीतरी कल्पना करशील. वारा होता, पाकळ्या पडत होत्या, मी त्या ताडपत्रीवरून झटकत होते. थोड्या वेळानं लक्षात आलं की मी झाडूसारखा हात फिरवून सगळ्या शेजारच्यांच्या बाजूला लोटून राहिले आहे.

जेवायच्या वेळेला आश्रमाची गाडी आली. खुर्च्या लावल्या, डबे मांडले. प्रमुखबाईंनी एक कोपरा मोकळा पाहिला.

"हे कोणासाठी?"

"माझ्या आत्यासाठी."

"भारतातून आली ती?"

"नाही. आज सकाळी वारली."

मला वाटलं आता घरी पाठवतील. त्यांनी ताडपत्रीच्या कोपऱ्याकडे हात नेला, उडू नये म्हणून त्यावर पाण्याची बाटली ठेवली, आणि वाढायला गेल्या.

मोरी-सानना यातलं काही ऐकू आलं नव्हतं. त्यांनी विचारलं, इथं कोण बसणार? मी म्हणाले, माझी आत्या. उशीर झाला का तिला? मी म्हणाले, हो. त्यांनी आपल्या डब्यातला भाताचा एक गोळा काढला, त्या जागेवर कागदावर ठेवला आणि पाकळ्या पडू नयेत म्हणून वर रुमाल झाकला. नंतर त्या विसरल्या. थोड्या वेळानं मला परत विचारलं, हे कोणाचं आहे? मी परत सांगितलं. दुपारभर मी हेच सांगत होते, आणि दर वेळी त्या म्हणायच्या, येईल, येईल. नाही म्हणायचं माझ्या जिवावर आलं.

गर्दी तुला हवी तशीच होती. शेजारच्या पोरांनी गाणी म्हटली, एक माणूस बूट घालायला विसरून मोज्यांवर निघून गेला, दोन ताडपत्र्यांवरच्या बाया एकमेकींचे डबे चाखत होत्या. तू असतीस तर तिकडेच जाऊन बसली असतीस.

तुझं पुण्यानुमोदन झालं तेव्हाही मी इथंच होते. आश्रमात कामाला माणसं कमी, सुट्टी मिळाली नाही. बाबा फोनवर सांगत होते आणि मध्येच म्हणाले, तुझ्या त्या रंजनाकाकूनं कमाल केली. अंगणात सतरंज्या टाकलेल्या होत्या, समोर तुझा फोटो, मेणबत्त्या. फोटोच्या अगदी जवळ काकूनं तुझी ती चौकड्यांची चादर घडी करून ठेवली होती आणि कोणाला तिथं बसू देत नव्हती. सावनेरच्या तुझ्या जावेला गुडघ्यामुळं पुढं बसायचं होतं, तिलाही नाही.

"कोणासाठी धरली वं एवढी?" जाऊ म्हणाली.

"भिवापूरची पोरगी येऊन राहिली."

"ते तं जपानात आहे ना?"

"मंग?" काकू म्हणाली. "येऊन राहिली."

त्रिशरण झालं, पंचशील झालं, जेवणं झाली. ती जागा शेवटपर्यंत तशीच होती. मी काकूला विचारलं, तुला कोणी सांगितलं होतं का असं करायला? ती म्हणाली, "सांगन कोण? एवढ्या वर्षांचा शेजार आहे. दर दसऱ्याले पाहात होती मी तिले. मी तिकडल्या झाडाखाली बसाची, ते इकडल्या." मग म्हणाली, "एक साल मले जागा भेटली नव्हती. ते उठून मुकाट्यानं सरकली. बोलली नाई, पण सरकली."

हे तू मला कधी सांगितलं नाहीस, आत्या.

मीही तुला एक कधी सांगितलं नाही. इथं लोक दिवसभर आभार मानतात, मीही मानते. दुकानात, बसमध्ये, कोणी दार धरलं तरी. तुझे मानले नाहीत. मानले असते तर तू म्हणाली असतीस, "काय झालं वं, ताप आला काय?" म्हणून राहून गेलं. इथं लिहिते, म्हणजे लिहिलेलं असलं.

वादाचं म्हणशील तर तो मी अजून सोडलेला नाही. नदीवरची फुलं गेल्यावर आश्रमामागचं झाड फुललं, ते सावलीत असल्यामुळं दर वर्षी मागं राहतं. मी तिथं खुर्ची टाकून बसले. शांत होतं, ऊबदार होतं, संडास दहा पावलांवर. बराच वेळ बसले. मग आत जाऊन मोरी-सानना घेऊन आले, कारण एकटीला काही करमेना. याचा अर्थ तू जिंकलीस असा काढू नको. दोघींना पुरली ती जागा.

आता रंजनाकाकूचं. ती म्हणते अंगण तीच झाडते दोन्हीकडचं, कचरा लोटायला आता कोणी नाही. मी म्हटलं, काकू, पासपोर्ट काढ. ती म्हणाली, "माह्ये गुडघे गेले, मी कुठी येऊ तिकडं." पण नाही म्हणाली नाही. फोन ठेवताना हळूच विचारलं, "तिथं थंडी किती राह्यते वं?"

तेव्हा हे मी तुझ्यासमोर कबूल करते आणि तू साक्षीला आहेस. जेव्हा होईल तेव्हा, एका वसंतात मी तिला आणणार. खडी नको, पायऱ्या नकोत, पाठीवर ऊन येईल अशी नदीकाठची सपाट जागा मी उजाडताच जाऊन धरणार. माझी एक, तिची एक, आणि मध्ये एक जास्तीची. पाकळ्या पडल्या की ती त्या तुझ्या बाजूला लोटेल. तू काय करायचं ते तू बघ, मी मध्ये पडणार नाही.